शुगर तपासता, मग स्मरणशक्ती का नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात दरवर्षी १४ नोव्हेंबरच्या आसपास डायबिटीसवर पान येतं आणि २१ सप्टेंबरला अल्झायमरवर. दोन्ही मी वाचते, कापून पण ठेवते. डायबिटीसच्या पानावर डोळे असतात, किडनी असते, पायाची जखम असते, हार्ट असतं, मेंदू नसतो. अल्झायमरच्या पानावर शुगर-बीपीचं नाव असलं तर शेवटच्या ओळीत. ही दोन्ही दुखणी पुष्कळदा एकाच माणसाला होतात आणि पहिल्यामुळे दुसरं लवकर येऊ शकतं, हे आपल्या लोकांना कोणी नीट बसून सांगतच नाही म्हणून हे पत्र. लांबलंय जरा. काटछाट करायची असेल तर माझ्या घरच्या गोष्टी काटा, आकडे ठेवा.

मी इंदूरला सुदामानगर भागात राहते. आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये तपासणी शिबिरं होतात त्यात रजिस्टर लिहायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. कॉलम ठरलेले, नाव, वय, वजन, बीपी, शुगर. बोटाला सुई टोचायची, आकडा लिहायचा, जास्त असला तर डॉक्टरांना दाखवा सांगायचं आणि पुढचा नंबर. पण त्या टेबलावर बसून जे दिसतं ते यातल्या कुठल्याच कॉलममध्ये बसत नाही. एक काका नेहमी येतात, दुकान होतं त्यांचं, साठी ओलांडलेली, हातपाय बारीक पण पोट चांगलंच पुढे आलेलं. कोणती गोळी घेता विचारलं की बायकोकडे बघतात. मागच्या खेपेला फॉर्मवर सही करायची होती तर पेन हातात धरून कागदाकडे बघत बसले, कुठे करू कुठे करू विचारत राहिले, काकूंनी बोट ठेवून दाखवलं तरी सही भलत्याच ओळीत केली आणि मग एकदम चिडलेच, तुमचा फॉर्मच धड नाही म्हणाले. ज्यांनी आयुष्यभर वहीखातं ठेवलं त्यांना एका ओळीचा फॉर्म भरता येईना. मी त्यांची शुगर लिहिली. बाकीचं लिहायला जागा नव्हती.

आता अभ्यास काय सांगतात ते बघा. २०१६ मध्ये डायबिटीस केअर नावाच्या जर्नलमध्ये जगभरातल्या अनेक अभ्यासांमधली २३ लाख लोकांची माहिती एकत्र करून छापली होती, त्यात एक लाखाहून जास्त डिमेन्शियाचे पेशंट होते. डिमेन्शिया म्हणजे स्मरणशक्ती आणि समज कमी होत जाणं, अल्झायमर हा त्यातलाच एक प्रकार. टाइप २ डायबिटीस असलेल्यांना डिमेन्शियाचा धोका साधारण ६० टक्के जास्त निघाला, बायका आणि पुरुष दोघांनाही. आणि डोक्यातल्या रक्तवाहिन्या खराब होऊन जो डिमेन्शिया येतो त्याच्यात डायबिटीसमुळे बायकांचा धोका पुरुषांपेक्षा १९ टक्के जास्त वाढतो असं दिसलं. लंडनच्या सरकारी नोकरांवर १९८५ पासून एक अभ्यास चालू आहे, व्हाइटहॉल, त्यातून २०२१ मध्ये आलं की सत्तरीला पोचलेल्या ज्या माणसाला साठीच्या आधीच डायबिटीस झाला होता त्याला पुढे डिमेन्शिया होण्याचा धोका डायबिटीस नसलेल्याच्या दुपटीहून जास्त. म्हणजे शुगर किती आहे एवढंच नाही, किती वर्षांपासून आहे हे पण मोजायला हवं. आपल्याकडे तर चाळिशीत, पस्तिशीत लोकांना निघते आहे.

आणि वजन. कॅलिफोर्नियात दहा हजारांवर लोकांची चाळीस ते पंचेचाळीस वयातली वजनं १९६४ ते १९७३ या काळात नोंदलेली होती, सरासरी २७ वर्षांनी त्या नोंदी उघडून बघितल्या तर त्या वयात लठ्ठ असलेल्यांना डिमेन्शियाचा धोका ७४ टक्के जास्त, आणि बायकांत हा संबंध जास्त ठळक. तिथल्याच लोकांवरचा २००८ चा दुसरा अभ्यास फक्त पोटाचा होता. ज्यांचं पोट सगळ्यात जास्त सुटलेलं त्यांना धोका जवळजवळ तिप्पट. उलट अमेरिकेतलाच फ्रॅमिंगहॅमचा अभ्यास, जो १९४८ पासून चालू आहे, त्यातल्या २००३ च्या पेपरात लठ्ठपणा आणि हाय बीपीचा परिणाम पुरुषांच्या स्मरणशक्तीवर आणि विचार करण्यावर दिसला, बायकांवर नाही. एका ठिकाणी बायकांना जास्त, दुसरीकडे पुरुषांना, मग खरं काय असं कोणी विचारेल. माझं म्हणणं इतकंच की नवऱ्याने बायकोकडे आणि बायकोने नवऱ्याकडे बोट दाखवण्यासारखं यात काही नाही, दोघांचीही तपासणी व्हायला हवी.

"मी कुठे जाडी आहे" हे मला शिबिरात फार ऐकायला मिळतं. आपल्या पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हाच विषय जगापुढे नेला. २००४ साली लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये त्यांचा आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. पण युडकिनसाहेबांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला बारीक पण आतून चरबी, आणि ती पण पोटात, ही आपली ठेवण आहे. म्हणून आपल्याकडे पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईची ८० च्या वर गेली की धोका धरतात. वजनकाट्याला हे कळत नाही, शिंप्याच्या टेपला कळतं. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा २०२३ मध्ये आलेला मोठा सर्वे आहे त्यात देशात डायबिटीसचे १० कोटी १० लाख लोक निघाले, आणखी साडेतेरा कोटी उंबरठ्यावर, आणि पोट सुटलेले ३९.५ टक्के. साठीच्या पुढच्यांत डिमेन्शिया ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाख लोक, हा अंदाज पण त्याच वर्षी छापून आला, आणि त्यात पुरुषांपेक्षा बायका जास्त.

हे का होतं ते मला एका न्यूरॉलॉजीवाल्या डॉक्टरांनी समजावलं, तसं सांगते. इंदूरला नर्मदेचं पाणी जलूदहून मोठ्या पाइपने येतं, ती मोठी लाइन चांगली असली तरी गल्लीतले बारीक पाइप बुजले तर शेवटच्या घरात थेंब पोचत नाही. मेंदूत आत खोलवर अशाच बारीक नळ्या आहेत, शुगर आणि बीपी वर्षानुवर्षं वाढलेलं राहिलं की त्या जाड होतात, चोंदतात, आणि मेंदूच्या एका भागातून दुसऱ्या भागात निरोप नेणाऱ्या तारा सुकत जातात. एमआरआयमध्ये ते पांढरे डाग दिसतात. शिवाय मेंदूला पण इन्सुलिन लागतं, आणि पोटाच्या चरबीने शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की त्याचा त्रास मेंदूपर्यंत जातो. म्हणून या दुखण्यात पहिल्यांदा नावं-गावं विसरत नाहीत. पहिल्यांदा कामाचा वेग कमी होतो, आणि कशानंतर काय करायचं याचा क्रम चुकतो.

आमच्या घरी हे होळीला दिसलं. सासूबाईंना पन्नाशीच्या आतच डायबिटीस झालेला. पुरणपोळी म्हणजे त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, नातेवाईक खास आमच्याकडे यायचे. त्या वर्षी डाळ शिजली, कट निथळून बाजूला काढला इथपर्यंत सगळं ठीक, मग डाळ तशीच पुरणयंत्रात घातली, सगळी फिरवून काढली आणि किसलेल्या गुळाची वाटी हातात घेऊन ओट्यापाशी उभ्या. हे कुठे घालायचं गं, म्हणाल्या. नंतर पोळपाट-लाटणं घेऊन बसल्या तर कणीक भिजवलेलीच नव्हती. घरात सगळे म्हणाले वय झालं आता, किती करणार. आणि त्याच संध्याकाळी नातवाला पाढे म्हणून दाखवले, तिसापर्यंत, वर पावकी, निमकी, सगळं धडाधड, एक आकडा चुकला नाही. मग तर सगळ्यांची खात्रीच पटली की आईंची मेमरी आपल्यापेक्षा चांगली. पण लहानपणी घोकलेलं सगळ्यात शेवटी जातं. पाढे येतात, स्तोत्रं येतात, जुनी लग्नं कुणाची कुठे झाली ते येतं, आणि त्याच माणसाला तीन गोळ्यांतली दुपारची कोणती ते उमगत नाही. आपल्या घरांमध्ये पाठांतर एवढं असतं म्हणून हे दुखणं आपल्याकडे जास्त दिवस लपून राहतं असं मला फार वाटतं.

पुरुषांचं वेगळं. ते चिडतात. बँकेचं काम मुलावर टाकतात, गाडी चालवणं गुडघ्याच्या नावावर बंद करतात, आणि बायको सगळं गुपचूप सांभाळून घेते. बायकांचं उलट, त्यांची चूक पहिल्या दिवशी स्वयंपाकघरात सगळ्यांना दिसते पण तिला दुखणं कोणी म्हणत नाही, लक्ष नसतं तिचं म्हणतात. आणि नेहरू पार्कला किंवा रीजनल पार्कला सकाळी जाऊन बघा, फिरणाऱ्यांत पुरुष किती आणि साठीच्या पुढच्या आपल्या बायका किती. त्या वेळी त्या डबे आणि चहा करत असतात, आणि मग सगळ्यांचं झाल्यावर उरलेले पोहे नि वरून शेव, उभ्या उभ्या. त्यांच्या कंबरेचं माप कोण घेणार.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याच्यासाठी खरं म्हणजे हे पत्र लिहायला बसले. शुगर कंट्रोल म्हणजे जितकी खाली तितकी चांगली, असा जो समज आहे तो म्हाताऱ्या आणि विसरायला लागलेल्या माणसाच्या बाबतीत जीवघेणा आहे. सासूबाई संध्याकाळचं इन्सुलिन स्वतः घ्यायच्या, पेन होतं, सवय होती. एकदा पहाटे बघितलं तर अंग घामाने थबथबलेलं, उशी ओली, काहीतरी भलतंच बोलत होत्या, माहेरच्या कुणाला तरी हाका मारत होत्या. आम्हाला वाटलं लकवा. शेजारच्या मुलाने मशीन आणून टोचलं तर शुगर ४८. ग्लासात साखर कालवून चमचा चमचा पाजली, मग हळूहळू डोळे स्थिर झाले. संध्याकाळी इंजेक्शन घेतलं, घेतलं हे विसरल्या, परत घेतलं. आणि याच्या थोडेच दिवस आधी एका डॉक्टरांनी तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, एचबीए१सी म्हणतात तो, ६.४ बघून एकदम फर्स्ट क्लास कंट्रोल म्हणून पाठ थोपटली होती. ऐंशीच्या बाईला, इन्सुलिनवर असलेल्या, ६.४. दुसऱ्या डॉक्टरांनी डोस निम्म्यावर आणला आणि सांगितलं की यांना आठपर्यंत चालेल, मला पडलेल्या आणि बेशुद्ध झालेल्या नकोत. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनचं पण हेच आहे, ज्यांची स्मरणशक्ती कमी होते आहे अशा वयस्कर लोकांसाठी आठच्या आत एवढंच ध्येय ठेवा, फार खाली खेचू नका.

शुगर एकदम खाली जाण्याचे झटके आणि डिमेन्शिया यांचा पण संबंध आहे. २००९ मध्ये जामा नावाच्या अमेरिकन जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासात ज्यांना असे झटके येऊन हॉस्पिटलात न्यावं लागलं होतं त्यांच्यात पुढे डिमेन्शियाचं प्रमाण जास्त दिसलं, आणि जितके झटके जास्त तितका धोका जास्त. दुसरीकडे ज्याची मेमरी कमी होते आहे त्यालाच गोळी-इंजेक्शनात चुका होऊन झटके येतात. म्हणजे दोन्हीकडून मरण. आणि शुगर जोर लावून खाली आणली तर मेंदू वाचतो का, हे पण तपासून झालंय, अकॉर्ड नावाच्या मोठ्या चाचणीत. २०११ मध्ये रिझल्ट आला, कडक कंट्रोलवाल्यांची स्मरणशक्ती काही जास्त चांगली राहिली नाही, आणि मूळ चाचणीत तर कडक कंट्रोलच्या गटात मृत्यू जास्त व्हायला लागले म्हणून तो भाग २००८ मध्येच थांबवावा लागला होता. मी शुगर वाढू द्या म्हणत नाहीये, कृपा करून कोणी तसं वाचू नका. चाळिशी-पन्नाशीत कंट्रोल कडक हवाच. ऐंशीत तोच नियम लावू नका, एवढंच.

अजून एक गोष्ट जी स्वस्त आहे आणि कोणी बघत नाही. डायबिटीसची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी१२ व्हिटॅमिन कमी होऊ शकतं, आणि आपल्यातले कितीतरी लोक शाकाहारी, त्यांचं आधीच कमी. बी१२ फार कमी झालं की विसरायला होतं, पायाला मुंग्या येतात, तोल जातो. थायरॉइडचं पण तसंच. ही दोन रक्ताची तपासणी केल्याशिवाय कोणाला अल्झायमर झाला असं घरच्या घरी ठरवू नका, कारण यातलं काही भरून काढता येतं. आणि म्हाताऱ्या माणसाचं वजन आपोआप उतरायला लागलं तर बरं झालं बारीक झाले म्हणून खूष होऊ नका, डिमेन्शिया दिसायच्या कित्येक वर्षं आधीपासून वजन उतरतं हे पण अभ्यासांत दिसलंय.

हल्ली आमच्या ग्रुपवर वजन उतरवायच्या इंजेक्शनांची चर्चा असते, त्याने मेंदू पण सुधारतो असे मेसेज फिरतात. त्या इंजेक्शनांतलंच एक औषध आहे सेमाग्लुटाइड, त्यावर अल्झायमरच्या सुरुवातीच्या पेशंटमध्ये दोन मोठ्या चाचण्या झाल्या, २०२५ च्या नोव्हेंबरात कंपनीनेच सांगितलं की दुखणं मंदावलं नाही. ज्याचा फायदा दिसला तो साधा मार्ग आहे. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १२६० लोकांपैकी निम्म्यांना दोन वर्षं नीट खाणं, व्यायाम, डोक्याला काम आणि बीपी-शुगरवर लक्ष असं सगळं एकत्र दिलं, आणि ज्यांना नुसते सल्ले दिले त्यांच्यापेक्षा ते चाचण्यांमध्ये पुढे राहिले. २०१५ मध्ये छापून आलंय. २०२४ च्या लॅन्सेट कमिशनने तर १४ कारणं मोजून सांगितलं की जगातला ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा पुढे ढकलता येण्यासारखा आहे. त्यात डायबिटीस, लठ्ठपणा, बीपी आहेच, शिवाय कमी ऐकू येणं, कमी दिसणं आणि एकटेपणा पण आहे. आपल्या शहरात मराठी मंडळं, भजनी मंडळं, नाटकांचे ग्रुप एवढे आहेत, या शेवटच्या कारणावर तर आपण उद्यापासून काम करू शकतो, ज्यांनी यायचं बंद केलं त्यांच्या घरी जाऊन.

आता मागणी. आशाताई घरोघरी जो फॉर्म भरतात, तीस वर्षांच्या पुढच्यांचा, त्यात कंबरेचं माप आहे आणि वयस्कर लोकांसाठी घरच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का असा प्रश्न पण आहे. म्हणजे सरकारी कागदावर दोन्ही गोष्टी आधीच आहेत आणि आपल्या मोठ्या मोठ्या शिबिरांच्या फॉर्मवर एकही नाही. अर्थात स्वतःचा पत्ता विसरेपर्यंत फार उशीर झालेला असतो, म्हणून त्याच्या आधीचं विचारायला हवं. हिशोबाला पूर्वीपेक्षा वेळ लागतो का, औषधं स्वतः घेता का दुसरं कोणी देतं, नेहमीचा पदार्थ किंवा नेहमीचं काम करताना अडखळता का. आणि हे त्या माणसाला एकदा आणि घरच्याला बाजूला घेऊन एकदा, कारण दोन उत्तरं वेगळी येतात. कागदावर घड्याळाचं चित्र काढून काटे दाखवायला सांगितले तरी पुष्कळ कळतं. दहा मिनिटांचं काम आहे, सगळ्यांचं करायची गरज नाही, साठीच्या पुढचे आणि शुगर असलेले एवढ्यांचं केलं तरी खूप झालं. ज्यांच्यात काही आढळेल त्यांना पुढे एमवाय या सरकारी हॉस्पिटलला किंवा जिथे न्यूरॉलॉजी आहे तिथे पाठवायचं. सत्तरीच्या पुढच्यांना २०२४ पासून आयुष्मान कार्ड आहे ते ॲडमिट झाल्यावर कामाला येतं, या तपासणीला नाही, म्हणून शिबिरातच फुकट झालं तर गरीब घरातली बाई पण सुटणार नाही.

आपण १४ नोव्हेंबरच्या पानावर या वेळी मेंदूसाठी एक चौकट द्यावी, आणि ज्यांच्या घरी ऐंशीच्या आसपासचं माणूस इन्सुलिनवर किंवा ग्लिमेपिराइडसारख्या शुगर खाली आणणाऱ्या गोळ्यांवर आहे त्यांनी डॉक्टरांना जाऊन "यांची शुगर किती खाली नको" हा प्रश्न विचारावा असं ठळक छापावं. इन्सुलिन दुसऱ्याने द्यावं आणि दिल्यावर लगेच कॅलेंडरवर खूण करावी, हे पण.

आणि इंदूरच्या डॉक्टरांना एक विनंती. सासूबाईंची चाचणी झाली तेव्हा सगळे प्रश्न हिंदीत होते. सौ में से सात घटाइए. त्या गप्प. इथे जन्म गेला, भाजीवाल्याशी हिंदीत भांडतात, पण हिशोब डोक्यात मराठीतच होतो. मी डॉक्टरांच्या परवानगीने शंभरातून सात गेले किती विचारलं तर त्र्याण्णव म्हणाल्या, मग शहाऐंशी, तिथे अडकल्या. त्यांचे मार्क तरी कमीच आले, पण जेवढे खरे होते तेवढे आले. वय झालेला मराठी पेशंट समोर असेल तर प्रश्न घरच्या कोणाला तरी मराठीत विचारू द्या, आणि उत्तर येईपर्यंत थांबा, त्यांना वेळ लागतो.

आपली,
एक नियमित वाचक
सुदामानगर, इंदूर